सिल्व्हानस नक्की कुणाची? होर्डची, फोरसेकनची का कुणाचीच नाही?

पोहे_जीरावन (इंदूर)

मंडळी, एक भांडण घेऊन आलोय. आमच्याकडे रामबागेत शनिवारी रात्री चौघं-पाच जण जमतात, ज्याचा त्याचा लॅपटॉप, मधे शेवेची परात आणि वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट (वॉव) हा ऑनलाइन गेम. सगळे होर्ड, म्हणजे गेममधल्या दोन बाजूंपैकी एक, दुसरी अलायन्स. गेल्या वेळी रेड (सगळ्यांनी मिळून करायची मोठी लढाई) राहिली बाजूला आणि रात्री दोनपर्यंत एकाच विषयावर तोंडं चालली, शेवटी आई उठून आली, म्हणाली ती बाई जिवंत आहे का मेलेली ते आधी ठरवा, मग ती कुणाची त्यावर भांडा, आणि आता झोपा.

बाई म्हणजे सिल्व्हानस विंडरनर. ज्यांनी खेळलेलं नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो. मूळची एल्फ, सिल्व्हरमूनची रेंजर जनरल. २००२ च्या वॉरक्राफ्ट थ्रीमध्ये मुडद्यांचा राजा लिच किंग, त्याच्या चाकरीतला आर्थस फौज घेऊन एल्फांच्या जादूच्या झऱ्याकडे, सनवेलकडे निघतो तेव्हा ही त्याला पावलोपावली अडवते, त्याचा एवढा राग येतो त्याला की नुसतं मारून थांबत नाही, तिची बॅन्शी, म्हणजे भूत करून स्वतःच्याच फौजेत जुंपतो. पुढे २००३ च्या फ्रोझन थ्रोनमध्ये लिच किंगची ताकद ओसरते, हिचं मन परत हिच्या ताब्यात येतं, आणि सुटलेले बाकीचे मुडदे गोळा करून ही 'फोरसेकन' म्हणून वेगळी चूल मांडते. २००४ ला वॉव आलं तेव्हा ते सगळे होर्डमध्ये. २०१६ ला लीजन या एक्सपान्शनमध्ये (गेमचा नवा भाग) ही थेट वॉरचीफ, म्हणजे होर्डची प्रमुख. २०१८ ला अलायन्सच्या नाइट एल्फांचं झाडावरचं शहर, टेलड्रासिल, जाळलं. आणि मग होर्डच्या राजधानीच्या, ऑर्ग्रिमारच्या दारात होर्डच्याच जुन्या योद्ध्याला, सॉरफँगला मारून, सगळ्या फौजेसमोर 'होर्ड म्हणजे काहीच नाही' असं ओरडून उडून गेली.

माझा मावसभाऊ म्हणतो याला गद्दारी म्हणताच येत नाही, कारण ती होर्डची कधी नव्हतीच. दुसरा मित्र म्हणतो लीजनपर्यंत पक्की होर्डची होती, पुढे लेखकांनी माती खाल्ली. मी अडकलोय मधे. कॅटाक्लिझम या लीजनच्या आधीच्या एक्सपान्शनमधली सिल्व्हरपाइन भागाची सुरुवात आठवा, ती व्हॅल्किर या आत्म्यांकडून तेव्हाचा वॉरचीफ गॅरॉश याच्यासमोर मेलेली माणसं उठवून दाखवते, तो भडकतो, विचारतो की मग तुझ्यात आणि लिच किंगमध्ये फरक काय, आणि ही एकदम थंडपणे सांगते की मी होर्डची सेवा करते. ते खोटं होतं का? तो सीन पुन्हा बघा, तिचा चेहरा बघा, मला तरी त्यात निव्वळ नाटक दिसत नाही.

पुरावे देऊन बोला, नुसतं 'आमची क्वीन' करत येऊ नका. हरणाऱ्यानं सगळ्यांना सराफ्यात खाऊ घालायचं ठरलंय आणि आमच्यातला एक जण एकटाच भुट्ट्याच्या किसाच्या तीन प्लेटा उडवतो, तेव्हा प्रकरण साधं नाहीये.

कडू_कारलं (इंदूर)

भिया, पाकीट तयार ठेव, मावसभाऊ बरोबर आहे.

तू कॅटाक्लिझमपासून सुरू करून राहिलास, जरा मागे जा. व्हॅनिलामध्ये, म्हणजे २००४ च्या मूळ वॉवमध्ये, अनडेड कॅरेक्टर नवीन बनवलं की सुरुवातीला जी इंट्रो वाजते ना, कॅमेरा वरून फिरत येतो ती, ती आपण सगळे स्किप करतो. त्यात स्वच्छ सांगितलंय की फोरसेकननी होर्डच्या रांगड्या जमातींशी करार केलाय पण या नव्या दोस्तांबद्दल त्यांच्या मनात खरी निष्ठा वगैरे काही नाही. हे कुणा शत्रूचं मत नाही, गेम स्वतः सांगतोय, पहिल्या मिनिटाला, अजून तू एक उंदीरसुद्धा मारलेला नसतोस. आता याच्यावर अजून कुठला पुरावा पाहिजे.

होर्डमध्ये आले कसे तेही बघ. तेव्हाचा वॉरचीफ थ्रॉल, त्याला यांचं काही प्रेम नव्हतं. थंडर ब्लफचा तो म्हातारा टॉरेन ड्रुइड, हामूल रूनटोटेम, त्यानं शब्द टाकला की या बिचाऱ्यांचा उद्धार होऊ शकतो, यांना घ्या. म्हणजे दया होती एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला गरज. चारी बाजूंनी शत्रू, स्कार्लेट क्रुसेड वेगळी, स्कर्ज वेगळं, कुणाच्या तरी पंखाखाली जाणं भागच होतं.

आणि तिची पद्धत तर त्याच्याही आधीपासून ठरलेली. गॅरिथोस आठवतो का, फ्रोझन थ्रोनमधला माणसांचा सेनापती, अत्यंत डोक्यात जाणारा प्राणी. राजधानी परत मिळवायला मदत कर, शहर तुझं, असा सौदा केला त्याच्याशी. त्यानं मदत केली, शहर जिंकलं, आणि हिनं लगेच आपल्या हाताखालच्या राक्षसाला, व्हॅरिमाथ्रसला सांगून त्याला तिथल्या तिथे संपवला. तो त्याच लायकीचा होता ही गोष्ट वेगळी. पण काम झालं की दोस्त संपला, हे तिनं होर्डमध्ये यायच्या आधीच करून दाखवलंय. नंतर चौदा-पंधरा वर्षांनी होर्डचा तोच नंबर लागला तेव्हा सगळे 'अगं बाई, हे काय झालं' करत बसले.

गॅरॉशला 'मी होर्डची सेवा करते' म्हणाली त्याचं काय घेऊन बसलास, वर बसलेल्या माणसाला त्याच्या तोंडावर दुसरं काय सांगणार. त्याच एक्सपान्शनमध्ये त्यानंच ब्लाइट (विषारी रोगाचं हत्यार) वापरू नको म्हणून ताकीद दिली होती आणि हिनं गिल्नियसमध्ये तो वापरलाच.

दांडियाबाजार_ड्रुइड (वडोदरा)

मी अलायन्स, मेन (मुख्य कॅरेक्टर) नाइट एल्फ ड्रुइड, त्यामुळे टेलड्रासिलचं नाव काढलं की माझं डोकं फिरतं हे आधीच सांगून ठेवते. तरीसुद्धा कारलंशी पूर्ण सहमत नाही, आणि हे मी, तिची बाजू घेऊन बोलतेय, नीट वाचून ठेवा.

लीजनच्या सुरुवातीची ब्रोकन शोरची लढाई दोन्ही बाजूंनी खेळलीयत का तुम्ही? तुम्ही सगळे होर्ड, म्हणजे नसणार. आमच्याकडून असं दिसतं: खाली आम्ही राक्षसांच्या बाजूच्या गुलडानशी झुंजतोय, वर कड्यावर होर्डचे तिरंदाज आम्हाला आडोसा देतायत, एकदम शिंग वाजतं, वर बघावं तर सिल्व्हानस पाठ फिरवून निघाली. कड्यावर कुणीच नाही. पुढच्या पाच मिनिटांत आमचा राजा व्हॅरियन मेलेला. मी तेव्हा हेडफोन काढून खरोखर शिवी घातली होती, आजी बाहेर तांदूळ निवडत बसली होती, तिनं ऐकली. मग हौसेनं एक होर्ड आल्ट (दुसरं कॅरेक्टर) काढला, तीच लढाई वरून बघितली, तर काय, कड्यावर मागून राक्षसांच्या झुंडी चढलेल्या, थ्रॉल पडलाय, तेव्हाचा वॉरचीफ व्होलजिनच्या अंगात भाला गेलाय आणि तो मरता मरता तिलाच सांगतोय की आज होर्डला मरू देऊ नकोस. तिनं त्याचं ऐकलं. बस्स. त्या क्षणी तिला स्वतःचा जीव वाचवायचा असता तर एकटी उडून गेली असती, ते तिला कधीही जमतं. तिनं सगळ्यांना बाहेर काढलं.

तर पोहेभाऊ, २०१६ च्या त्या शिंगापर्यंत ती होर्डची होती असं माझं मत. आवडीनं नसेल, पण माणूस नोकरीतसुद्धा आवडीनं कुठे असतो, काम चोख करतो की नाही ते बघायचं.

टेलड्रासिलला मात्र माफी नाही. तिथे ती मरणाऱ्या डेलारिन या नाइट एल्फ सैनिकाशी बोलत बसते, डेलारिन म्हणते तू आशा मारू शकत नाहीस, आणि एवढ्या एका वाक्यावरून ही म्हणते, जाळा. झाड घ्यायला आलेली होती ना? ओलीस ठेवून अलायन्सला वाकवायचं असा प्लॅन होता ना? मग जाळून होर्डला मिळालं काय, तर अख्खी अलायन्स फोरसेकनच्या घराच्या, लॉर्डेरॉनच्या दारात. होर्डचा विचार करणारं कुणी हे करणार नाही. तिथून पुढे ती कुणाचीच नव्हती.

आळशी_रोग (इंदूर)

एवढा मोठा वाद त्या बाईवर, तिचा उजवा हात नॅथानोस, त्याचं कुणी नावही काढत नाही. निष्ठा बघायची तर त्याची बघा. होर्ड नको, फोरसेकन नको, देव नको, फक्त ती. शेवटी नाइट एल्फांच्या नेत्या टायरान्डेच्या हातून मेला तेव्हाही तोऱ्यातच होता. असा एखादा मित्र शनिवारच्या ग्रुपमध्ये असता तर रेड सुटली असती.

लष्करचा_लिच (ग्वाल्हेर)

पोरांनो, तुम्ही सगळे तिच्याकडे बघताय. माझं म्हणणं, फोरसेकनकडे बघा.

आमच्या ग्वाल्हेरात हा वाद घराघरात होऊन गेलाय, फक्त गेमवरून नाही. १८५८ च्या जूनमध्ये तात्या टोपे आणि राणी लक्ष्मीबाई मुरारपाशी आले तेव्हा जयाजीराव शिंदे फौज घेऊन त्यांना अडवायला निघाले, आणि फौज बहुतेक सगळी समोरच्यांना जाऊन मिळाली. महाराज आग्र्याला. आता सांगा, ग्वाल्हेर कुणाच्या बाजूचं होतं? आमचे आजोबा एक सांगायचे, त्यांचे धाकटे भाऊ बरोबर उलटं, आणि दोघं जेवायला एकाच पंगतीत. राजाची निष्ठा आणि त्याच्या माणसांची निष्ठा हे दोन वेगळे हिशेब असतात एवढं मात्र आम्हाला तेव्हापासून पाठ.

सिल्व्हानस ऑर्ग्रिमारहून उडाली तेव्हा फोरसेकन तिच्याबरोबर गेले का? थोड्या डार्क रेंजर (तिच्या खास तिरंदाज) गेल्या असतील. बाकी जनता होर्डमध्येच राहिली. ज्यांच्याबद्दल कारलंची इंट्रो म्हणते यांना खरी निष्ठा नाही, तेच शेवटी टिकले, आणि आज लिलियन व्हॉस, आर्थसची बहीण कॅलिया, फॅरानेल वगैरेंचं डेसोलेट कौन्सिल त्यांचा कारभार बघतं. कोरडा करार होता, त्यात राहता राहता मुरले. ही गोष्ट मला तिच्या सगळ्या कटसीनपेक्षा मोठी वाटते आणि गेमनं ती धड दाखवलीसुद्धा नाही, चार क्वेस्टमध्ये गुंडाळली.

आणि ती तरी फोरसेकनची होती का? मला शंका आहे. 'बिफोर द स्टॉर्म' या कादंबरीत अराथीची भेट येते. फोरसेकन आणि त्यांचे जिवंत नातेवाईक, इतक्या वर्षांनी, एका दिवसापुरते, मैदानात समोरासमोर. कुणाची मुलगी, कुणाचा भाऊ. काही जण नुसते उभे, जवळ जायचं की नाही कळत नाहीये, काही जण मिठ्या मारतायत. त्यातले काही नातेवाइकांबरोबर अलायन्सकडे निघायला लागले, कॅलियानं त्यांना हाक घातली, आणि हिनं आपल्याच डार्क रेंजरना आपल्याच माणसांवर बाण सोडायला लावले. कॅलियाला तर स्वतःच्या हातानं मारलं. तुम्हाला स्वतंत्र इच्छा मिळाली म्हणून आपण फोरसेकन, असं जिनं त्यांना शिकवलं तिनं ती इच्छा वापरणाऱ्यांना टिपलं. लॉर्डेरॉनच्या वेढ्यात त्याखालच्या अंडरसिटीत ब्लाइट भरून मोकळी झाली. घर होतं ते त्यांचं.

पोहे_जीरावन (इंदूर)

काका, अराथीचं माझ्या डोक्यातच नव्हतं, आमच्यापैकी कुणी कादंबरी वाचलेली नाही, आम्ही गेमपुरते.

पण मग ब्लिझार्डच्या साइटवरची ती जुनी शॉर्ट स्टोरी घ्या. आर्थस मेल्यावर तिला जगायला कारणच उरत नाही, ती आइसक्राउनवरून खाली उडी टाकते. पलीकडे नुसता अंधार आणि भीती. तिथे नऊ व्हॅल्किर तिच्याशी सौदा करतात, एक तिच्या जागी तिथे राहते, ही परत येते. आणि परत आल्यावर तिच्या मनात फोरसेकनची जागा बदललेली असते, आधी ते तिच्या भात्यातले बाण होते, आता तिची आणि त्या अंधाराची मधली भिंत. मी हे नेहमी असं वाचलं की तिला त्यांची किंमत कळली.

कडू_कारलं (इंदूर)

किंमत कळली, बरोबर, पण कशासाठी ते बघ ना. भिंत स्वतःच्या आणि त्या अंधाराच्या मधे. आधी बाण म्हणून मरायला वापरायची, आता भिंत म्हणून मरू द्यायची नाही, दोन्ही ठिकाणी मधोमध कोण आहे तर ती. सिल्व्हरपाइनच्या शेवटीच बघ, लॉर्ड गॉडफ्री, ज्याला हिनंच उठवलं होतं, तो तिला पाठीत गोळी घालतो, आणि तीन व्हॅल्किर तिला परत आणायला स्वतः संपतात. नवातल्या एक आधीच गेलेली, या तीन. मग लीजनमध्ये वॉरचीफ झाल्या झाल्या स्टॉर्महाइमला धावली, हेल्याकडून आणलेला तो कंदील घेऊन, व्हॅल्किरांच्या मुख्य एयिरला गुलाम करायला, म्हणजे अजून व्हॅल्किर. तिकडे अख्खं जग बर्निंग लीजन गिळायला निघालंय आणि होर्डची वॉरचीफ स्वतःच्या मरणाचा बंदोबस्त करत फिरतेय. गिल्नियसच्या राजानं, गेन ग्रेमेननं कंदील फोडला ते बरं केलं, आणि हे मी होर्ड असून म्हणतोय.

ड्रुइडताई, ते ब्रोकन शोरचं शिंग तेवढं तुम्हाला दिलं. त्या वेळी ती नीट वागली. पण व्होलजिननं तिलाच वॉरचीफ का केलं यावर पुढे गेमनंच शंका काढली आहे, तेव्हा त्यात फार गुंतू नका.

दांडियाबाजार_ड्रुइड (वडोदरा)

आता कुणीतरी शॅडोलँड्स (मेल्यानंतरच्या जगाचं पुढचं एक्सपान्शन) काढणारच आहे तर मीच काढते.

तिथे काय सांगितलं, की आर्थसनं फ्रॉस्टमोर्न तलवारीनं मारलं तेव्हा तिच्या आत्म्याचा एक तुकडा तुटून राहिला, चांगुलपणाचा वाटा त्यात गेला, आणि ९.१ या अपडेटमध्ये, ज्याच्याशी हातमिळवणी केली होती त्या जेलरवर ती उलटते, मी कधीच कुणाची चाकरी करणार नाही म्हणून बाण मारते, तेव्हा तो तिला तो तुकडा परत करतो. मग ९.२ मध्ये न्याय टायरान्डेच्या हातात, आणि शिक्षा काय तर मॉ या मृतांच्या नरकात जा आणि तिथला शेवटचा आत्मा सुटेपर्यंत एकेकाला बाहेर काढत राहा.

शिक्षा मला पटली. टायरान्डेनं गळा कापला असता तर मी टाळ्या वाजवल्या असत्या, पण हे जास्त लांबचं आहे आणि काहीतरी उपयोगाचं आहे. तुकड्याचं मात्र काही पटलं नाही. म्हणजे २००३ पासून ती जे जे वागली त्यात ती पूर्ण नव्हतीच? मग आपण इथे निष्ठेवर भांडतोय कशाला, अर्ध्या आत्म्याची निष्ठा मोजायची कशी?

लष्करचा_लिच (ग्वाल्हेर)

हाच तर घोटाळा. फोरसेकनचा सगळा मुद्दाच हा होता की तुम्ही मेलात, तुमच्यावर अत्याचार झाले, तुमचं शरीर कुजतंय, तरीसुद्धा तुम्ही काय करता ते तुमच्यावर आहे. व्हॅनिलात डेथनेल गावात पहिल्यांदा कबरीतून उठतो ना आपण, ते तिथूनच सुरू होतं. तुकड्याची सबब दिली की तिचं पाप हलकं होतं आणि तिच्या हातचं चांगलंही. जेलरवर मारलेला बाण मात्र तुकडा परत मिळायच्या आधीचा आहे, हे नीट बघा. अर्ध्याच आत्म्यानं ती म्हणाली की कुणाची चाकरी नाही. माझ्या मते तीच तिची खरी बाजू, पहिल्यापासून. आर्थसनं जबरदस्तीनं चाकरी करून घेतली, त्यानंतर ती कुणाच्याही खाली मनापासून राहूच शकत नव्हती. होर्ड, जेलर, कुणीही असो. सौदे केले, निष्ठा नाही.

फोरसेकनच्याही 'खाली' ती नव्हती, त्यांच्या वर होती. म्हणून त्यांचं ऐकायची वेळ आली की बाण.

कडू_कारलं (इंदूर)

काका, हे वाक्य फ्रेम करून रामबागेत लावतो.

पोहे_जीरावन (इंदूर)

थांबा, अजून पैज हरलेलो नाही. काकांचं मान्य केलं तर मावसभाऊही अर्धाच बरोबर ठरतो, कारण तो म्हणतो ती होर्डची नव्हती कारण ती फोरसेकनची होती. आणि काका म्हणतात तीही नव्हती. म्हणजे दोघंही हरलो, म्हणजे खर्च अर्धा-अर्धा. हा निकाल मी इथून स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकतोय.

आळशी_रोग (इंदूर)

मी ग्रुपमध्ये आहे आणि मला हा निकाल मंजूर नाही. मी कुठल्याच बाजूनं बोललो नव्हतो, मी नॅथानोसवर बोललो, त्यामुळे मी फक्त खाणार.

दांडियाबाजार_ड्रुइड (वडोदरा)

खा बाबा खा. आम्हाला इकडे शेवउसळ आहे.

जाता जाता एक, अनडेडच्या निष्ठेवर बोलायचंच असेल तर सिल्व्हानसपेक्षा कोल्टिरा आणि थासारियन बघा. दोघं डेथ नाइट (मेल्यावर उठवलेले योद्धे), एक ब्लड एल्फ होर्डमध्ये, एक माणूस अलायन्समध्ये. कॅटाक्लिझममध्ये अँडोरहॉलला दोघं समोरासमोर फौजा घेऊन उभे, आणि गुपचूप तह करतात, कारण दोस्त आहेत. सिल्व्हानसला कळतं आणि ती कोल्टिराला उचलून अंडरसिटीत नेऊन कोंडते, त्याची 'कमजोरी' काढायला. मग लीजनपर्यंत त्याचं कुणी नाव घेत नाही, आमच्या गिल्डमध्ये तो जोक झाला होता की ब्लिझार्ड त्याला तिथेच विसरलं.

पोहे_जीरावन (इंदूर)

हे माहीतच नाही, मी अँडोरहॉल कधी नीट केलंच नाही, सरळ उडत पुढे गेलो. सुटतो का तो? आणि ते बघायला कुठून सुरू करू?

दांडियाबाजार_ड्रुइड (वडोदरा)

सुटतो. थासारियनच जातो सोडवायला, तुला बरोबर घेऊन. पण त्यासाठी डेथ नाइट लागेल, लीजनच्या ऑर्डर हॉल कॅम्पेनमध्ये आहे ती क्वेस्ट, दुसऱ्या क्लासला दिसत नाही. अँडोरहॉल वेस्टर्न प्लेगलँड्समध्ये, ते आधी कर, आणि जमलं तर दोन्ही फॅक्शनकडून कर, दोन्हीकडचे डायलॉग वेगळे आहेत. स्किप करू नकोस.